सुधाकर दारूनं गेला की मानीपणानं? शोकांतिकेतल्या नायकाच्या दोषाबद्दल

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या गटानं यंदा राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' करायचं मनावर घेतलंय. वाचनं सुरू झाली आणि पहिल्याच अंकावर गाडी अडली. सुधाकर करणारा मुलगा म्हणतो, "याचा दोष म्हणजे दारू, नाटकाच्या नावातच आहे की." गटातल्या बहुतेकांना ते पटलं. मला पटत नाही, म्हणून हा धागा.

पहिला अंक नीट वाचून पाहा. सुधाकर हुशार वकील आहे, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. दारूचा थेंब त्याच्या तोंडाला लागलेला नाही. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, याचा तोल जातो, वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. दुसरा एखादा वकील घरी जाऊन दोन दिवस चरफडला असता, ओळखीपाळखीतून प्रकरण मिटवून पुन्हा कामाला लागला असता. सुधाकरला ते जमत नाही. लोक आपल्याकडे कीव करून बघतायत, हेच त्याला सहन होत नाही. तळीराम येतो तो तिथे. त्याचाच कारकून, त्याच्याच हाताखालचा माणूस प्याला पुढे करतो आणि एवढा मानी माणूस तो घेतो. म्हणजे दारू आत शिरली ती आधीच उघड्या असलेल्या दारातून.

पुढे एकदा तो शपथ घेऊन दारू सोडतोसुद्धा. नोकरी मागायला जातो. कालपर्यंत मान देणारी माणसं तोंड फिरवतात, टोमणे मारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा कारण एकच, अपमान. गडकऱ्यांनी हे दोनदा दाखवलंय ते उगाच नाही.

माझं म्हणणं असं की शोकांतिकेतला दोष हा चांगल्या माणसाला चिकटलेला वाईट डाग नसतो. ज्या गुणानं माणूस आजवर जिंकत आला, तोच गुण एका वेगळ्या प्रसंगात त्याला खाली खेचतो. सुधाकर मानी होता म्हणूनच गरिबीतून वर आला. मानी नसता तर कुणाच्या तरी ओसरीवर कारकुनी करत राहिला असता. नटानं 'दारुड्या' उभा केला तर चौथ्या-पाचव्या अंकात प्रेक्षकाला किळस येईल, दुःख होणार नाही.

तुम्हाला काय वाटतं? इतर नाटकांचीही उदाहरणं द्या.

नवखा (जळगाव)

दादा, तो मुलगा मीच. इथेही मांडतो. नाटक लिहिलं गेलं तेच दारूच्या दुष्परिणामांवर. शंभर वर्षं लोक ते तसंच बघत आलेत. दारू सुटायची खरी वेळ पहिला घोट घेण्याआधीचीच, असं सुधाकर स्वतःच सांगतो. मग लेखकापेक्षा आपण शहाणे का?

जुना मास्तर (अमळनेर)

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या चर्चेचं मूळ ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्ण सज्जन माणूस विनाकारण बुडाला तर बघणाऱ्याला संताप येतो. पूर्ण दुष्ट बुडाला तर बरंच वाटतं. शोकांतिकेचा नायक या दोघांच्या मधला हवा, नावलौकिक असलेला, आणि त्याच्या हातून घडलेल्या मोठ्या चुकीमुळे कोसळणारा. तेव्हाच त्याच्याबद्दल करुणाही वाटते आणि 'हे आपल्यावरही येऊ शकतं' अशी भीतीही. इथे तो स्वभावातल्या खोटीबद्दल बोलतोय की अजाणता घडलेल्या चुकीबद्दल, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. 'स्वभाव हेच नशीब' हा आग्रह पुढे शेक्सपिअरच्या वाचनातून बळावला. इंग्रज समीक्षक ब्रॅडलेची हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर आणि मॅकबेथ यांच्यावरची व्याख्यानं 1904 साली पुस्तकरूपानं आली, तेव्हापासून कॉलेजात प्रत्येक नायकाला एकेक दोष वाटून द्यायची पद्धत पडली. हॅम्लेट म्हणजे चालढकल, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा. पाच गुणांच्या प्रश्नाला हे ठीक. नाटकाला नाही.

ॲरिस्टॉटलचं आवडतं उदाहरण सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकातला राजा ईडिपस. पु. ल. देशपांड्यांनी ते नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं आहे. त्याचा दोष सांगा बरं. बापाला मारशील, आईशी लग्न करशील हे भाकीत कळलं, तर ते टळावं म्हणून ज्या पालक आईबापांकडे तो मोठा झाला, त्यांचं घर सोडून निघाला. यात चूक काय? तिठ्यावर एका म्हाताऱ्याच्या रथाशी वाद झाला, रागाच्या भरात त्याला मारलं. तोच आपला खरा बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढे थीब्ज नगराला स्फिंक्स नावाच्या राक्षसिणीनं वेठीला धरलं होतं, तिचं कोडं यानं सोडवलं आणि नगर वाचवलं. वर्षांनी साथ आली तेव्हा आधीच्या राजाचा खुनी शोधायला तोच निघाला. आंधळा भविष्यवेत्ता तैरेसिआस म्हणतो, मला बोलायला लावू नकोस. राणी विनवते, आता पुरे कर. शेवटी म्हातारा धनगर हात जोडतो, मालक, पुढचं विचारू नका. तिघंही त्याला थांबवतात आणि तो थांबत नाही. नगराला वाचवणारा राजा असाच असायला हवा ना?

गिरणाकाठ, तुमचा मुद्दा इथे बसतो. पण एक शंका आहे. कुणी कोसळला की 'त्याच्यातच काहीतरी खोट असणार' असं म्हणणं बघणाऱ्याला फार सोयीचं असतं. खोट त्याची, म्हणजे आपण सुरक्षित. दोषाची भाषा अशी वापरली तर ॲरिस्टॉटल म्हणतो ती भीतीच निघून जाते. ज्या नाटकात नायकाची खोट बोट ठेवून दाखवता येते, ते मला कमी प्रतीचं वाटतं.

पडद्यामागचा (धुळे)

मास्तर, तुमच्याशी सहमत, पण खोट अजिबात नाही असंही म्हणता येत नाही. ती प्रसंगाच्या संदर्भात बघायला हवी.

ऑथेल्लो घ्या. देवलांनी 'झुंझारराव' 1890 मध्ये केलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला तो 'संशयी नवरा' म्हणून माहीत आहे. मूळ नाटकात मात्र त्याच्याच हाताखालचा कपटी इयागो त्याच्याबद्दल उलटंच सांगतो, की हा गडी मोकळ्या मनाचा आहे, जो प्रामाणिक दिसतो त्याला प्रामाणिक समजतो. आयुष्य रणांगणावर गेलेलं. तिथे सोबत्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा, नाहीतर माणसं मरतात. हीच सवय तो घरात घेऊन येतो. सोबती म्हणजे इयागो, निर्णय म्हणजे बायकोचा गळा.

अभ्यासकांचा एक जुना खेळ आहे, तो तालमीत करून बघा. हॅम्लेटला ऑथेल्लोच्या जागी ठेवा. बायकोच्या ज्या रुमालावरून ऑथेल्लोचा संशय पक्का होतो, त्याची त्यानं दहा वेळा चौकशी केली असती, इयागोला बोलण्यात गुंडाळला असता, बायको डेस्डेमोना जगली असती. ऑथेल्लोला हॅम्लेटच्या जागी ठेवा. काकानं खून केल्याचं बापाच्या भुतानं सांगितल्याबरोबर पहिल्या अंकात काकाचा निकाल, नाटक संपलं. म्हणजे दोघांचेही 'दोष' दुसऱ्याच्या नाटकात गुण ठरले असते.

भुसावळची लेक

सगळे दादा लोक नायकाबद्दल बोलतायत. मला सुधाकरच्या बायकोबद्दल, सिंधूबद्दल बोलायचंय.

दोष सुधाकरचा, पण किंमत कोण मोजतं? सिंधू दळण दळते. भावाबरोबर माहेरी जायला नकार देते. तान्हं पोर बापाच्या काठीनं जातं, ती स्वतः मरणाच्या दारात पडलेली असते आणि फौजदारासमोर नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. डेस्डेमोनाही मरताना हेच करते, नवऱ्याचं नाव घेत नाही. 'राजा लिअर'मध्ये त्याची मुलगी कॉर्डेलिया मरते. 'नटसम्राट'मध्ये अप्पा बेलवलकरांनी उदारपणे सगळं वाटून टाकलं आणि दारोदार झाली ती त्यांची बायको कावेरी. ताट द्यावं पण पाट देऊ नये, हे आपल्याकडे वाटणीच्या वेळी सातबारा हातात घेऊन लोक म्हणतात. ते वाक्य अप्पांना सुचलं तोवर पाट गेलेला होता, आणि तो पाट एकट्या अप्पांचा नव्हता.

मग सिंधूची निष्ठा हा तिचा शोकांतिकेतला दोष म्हणायचा का? गिरणाकाठ दादांच्या व्याख्येत ती बसते. ज्या गुणासाठी सगळं नाटक तिची पूजा करतं, तोच तिला आणि पोराला मारतो. गडकऱ्यांना तसं म्हणायचं नसेल. पण मी प्रेक्षागृहात बसते तेव्हा मला तेच दिसतं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बायकांनाही दिसतं.

दुसरं म्हणजे, दारूला इतक्या लवकर सोडू नका. आपल्या भागातल्या गावांमध्ये बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी मतदान केलंय, दुकानं बंद पाडलीयत. त्यांच्यासमोर जाऊन 'खरा दोष मानीपणाचा' म्हणाल तर त्या विचारतील, मानी तर आम्हीही आहोत, आम्ही का नाही पोरावर काठी उचलली?

नवखा (जळगाव)

ताई, 🙏 हेच मला म्हणायचं होतं, मांडता येत नव्हतं.

कोरडवाहू (पारोळा)

मी नाटकवाला नाही, शेतकरी आहे. वाचायची आवड आहे म्हणून इथे असतो. मास्तरांनी 'खोट त्याचीच' म्हणणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

2021-22 च्या हंगामात कपाशीनं क्विंटलला दहा हजाराच्या वर भाव दाखवला होता, सगळ्यांना आठवत असेल. ज्यानं घाईघाईनं आधी विकला तो हळहळला, ज्यानं थांबून विकला तो शहाणा ठरला. आमच्या गल्लीतले एक जिभाऊ त्या थांबणाऱ्यांतले. गावात त्यांचं नाव झालं, लोक सल्ला विचारायला यायला लागले. पुढच्या वर्षी त्यांनी वेचणी झाली तसा सगळा कापूस घरात भरला. पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी. आत पाय टाकला की अंगाला खाज सुटायची, पोरं अंगणात झोपायची. व्यापारी दारात येऊन आठ हजार म्हणाला, जिभाऊंनी हात हलवला. मग साडेसात. मग उन्हाळा लागला, कापूस वाळून वजन घटायला लागलं, सातवर आलं. बायको म्हणत होती निम्मा तरी काढा. भाऊ म्हणत होता. पेरणीला बियाणं-खत घ्यायची वेळ आली तेव्हा मिळेल त्या भावानं काढला.

जिभाऊ आहेत, शेती करतात, देवाच्या दयेनं बरं आहे. पण गावात काय बोललं गेलं? हाव नडली. जो माणूस आदल्या वर्षी शहाणा होता, त्याच गोष्टीसाठी तो यंदा हावरा. आणि भाव पडला तो काय जिभाऊंच्या स्वभावामुळे पडला? त्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

हे शोकांतिकेत बसतं की नाही ते तुम्ही जाणकारांनी सांगा.

जुना मास्तर (अमळनेर)

कोरडवाहू, बसतं, आणि तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पुढचं बोललात.

तुमच्या जिभाऊंना आदल्या वर्षीच्या विजयानं शिकवलं की थांबायचं असतं. ईडिपसला स्फिंक्सच्या कोड्यानं शिकवलं की कोडं समोर आलं की मी ते सोडवतोच. म्हणून तर तो तैरेसिआसला हिणवतो, की नगर संकटात होतं तेव्हा तुझी विद्या कुठे गेली होती, कोडं मी सोडवलं. त्या वाक्यात त्याचा सगळा अभिमान आहे आणि तो खोटाही नाही. त्यानं खरंच नगर वाचवलं होतं. गुणाचा दोष कधी होतो, हा गिरणाकाठांचा प्रश्न अजून उघडा होता. मला वाटतं, त्या गुणानं एकदा मोठा विजय मिळवून दिला की होतो. मग माणसाला तो प्रसंग आणि हा प्रसंग वेगळा दिसेनासा होतो.

भावाबद्दल म्हणालात तेही खरंच. ग्रीकांनी त्या जागी देव ठेवले होते. देव काढून टाकले आणि नुसता नायकाचा स्वभाव उरवला, की नाटक खोटं होतं.

पडद्यामागचा (धुळे)

वा! मॅकबेथ याच कुळीतला. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ज्यांनी वाचलंय त्यांनी मूळ नाटकाची सुरुवात आठवा. मॅकबेथ रंगमंचावर यायच्या आधी त्याचं वर्णन येतं. त्यानं बंडखोराला उभा चिरला आणि राजा त्याबद्दल शाबासकी देतो, पदवी देतो. माणूस कापता येतो, त्यात हात थरथरत नाही, यासाठी सगळ्यांसमोर बक्षीस. पुढच्याच अंकात तोच हात राजावर. महत्त्वाकांक्षा वगैरे आहेच, ती तो स्वतः कबूल करतो. पण तिच्या हातात हत्यार दिलं ते त्या शाबासकीनं.

सातपुड्याचा वारा (चोपडा)

आपल्याकडचं कुणी बोललंच नाही अजून. संस्कृत नाटकांचा शेवट बहुधा गोड असतो, पण भासाचं 'ऊरुभंग' वेगळं आहे. दुर्योधन मांड्या मोडून पडलेला, आणि त्याचा लहानगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो. बापाला ते नको म्हणावं लागतं. ज्याला आपण आयुष्यभर खलनायक म्हणून ऐकलं, त्याच्यासाठी त्या एका प्रवेशात घसा दाटतो. तिथे तो बलरामालाही सूड घेण्यापासून थांबवतो. उभ्या जन्मात हट्ट सोडला नाही, तो शेवटच्या घटकेला सुटला.

माझी आजी कर्ण-दुर्योधनाच्या कथा सांगायची तेव्हा निकाल अहिराणीत द्यायची: "मानूस वाईट नही व्हता, पन कोनं आयकेच ना." कर्णाचं तर सरळच आहे, मागेल त्याला द्यायचं हे ब्रीद, आणि कवचकुंडलं त्यातच गेली. युधिष्ठिराला द्यूताचं बोलावणं आलं की नाही म्हणता येत नाही. किंमत मोजली द्रौपदीनं. भुसावळच्या ताईंचा मुद्दा तिथेही खरा.

गिरणाकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. तालमीच्या दृष्टीनं काही गोष्टी लिहितो, नवखा, तूही वाच.

मास्तर आणि कोरडवाहू यांच्यामुळे मला सुधाकरसाठी विचारायचा प्रश्न सापडला: याचा मानीपणा याआधी कधी जिंकला होता? नाटकात तो विजय दाखवलेला नाही. तो नटाला आपल्या मनात बांधावा लागेल. कुणीतरी कधीतरी त्याला तुच्छ लेखलं असेल, तो तिथे वाकला नसेल आणि न वाकल्यामुळेच पुढे गेला असेल. हे नटाला पक्कं ठाऊक असलं की कोर्टातला खटका वेगळा वाटतो. तिथे सुधाकर चूक करत नाहीये, आजवर यशस्वी ठरलेलीच गोष्ट पुन्हा करतोय. फक्त या वेळी समोर मुन्सफ आहे आणि सनद त्याच्या शेऱ्यावर अवलंबून आहे.

म्हणून पहिल्या अंकात हा माणूस आवडायला हवा. त्याचं ताठ बसणं, मित्र रामलालशी बोलतानाचा मोकळेपणा, सिंधूसमोरचं प्रेम, सगळं. पुढच्या पडझडीचा सुगावा चेहऱ्यावर अजिबात नको. अनेक प्रयोगांत सुधाकर पहिल्या प्रवेशापासूनच कपाळाला आठ्या घालून येतो. तिथेच नाटक मरतं.

पहिल्या प्याल्याचा प्रवेशही मोह म्हणून करायचा नाही. दारूचा वास त्याला नकोसा वाटू दे. पण खोलीत एकटा तळीरामच असा आहे, की जो कीव करत नाही. सुधाकर प्याला घेतो तो त्यासाठी.

ताई, तुमचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. मानीपणामुळे सुधाकर प्याल्यापर्यंत आला, हे मी अजूनही म्हणेन. पण काठी उचलणारा हात दारूचाच आहे आणि त्याची जबाबदारीही सुधाकरचीच. दोष समजून घेणं वेगळं, माफी देणं वेगळं. शेवटी प्याल्यात विष कालवून पिणारा सुधाकर स्वतःला माफ करत नाही, आपण कशाला करायची?

जळगावात हे नाटक करताना अंगावर एक ओझंही आहे. सिंधू अजरामर केली ती बालगंधर्वांनी, आणि ते लहानपणी काही काळ इथेच होते, मेहबूब खाँकडे गाणं शिकत होते. आपलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. तेव्हा सिंधू नुसती सोसणारी बाहुली करून चालणार नाही.

भुसावळची लेक

दादा, मग फौजदाराच्या प्रवेशाबद्दल एक सुचवते. सिंधू खोटं बोलते तेव्हा बहुतेक नट्या सुधाकरकडे बघतात, डोळ्यांत पाणी वगैरे. तिला फौजदाराकडे बघू द्या, सरळ, न चुकता. ती काय करतेय हे तिला नीट कळतंय. बाई भोळी म्हणून खोटं बोलत नाहीये. आयुष्यभर जे पाळलं ते शेवटच्या घटकेला मोडायला तिचा नकार आहे. सुधाकर मुन्सफासमोर वाकला नाही, तशीच ती इथे वाकत नाही.

नवखा (जळगाव)

ताई, हे वाचून गप्प बसलोय. म्हणजे नवरा-बायको दोघंही एकाच मातीचे?

दादा, मग माझा एक प्रश्न. ती खोटं बोलत असताना सुधाकरनं काय करायचं? आत्तापर्यंत मी मान खाली घालून उभा राहत होतो.

गिरणाकाठ (जळगाव)

मान खाली नको. तिच्याकडे बघ. तुला वाचवलं जातंय आणि ते तुला नकोय. आयुष्यात कुणाची मेहेरबानी न घेतलेल्या माणसावर ही सगळ्यात मोठी मेहेरबानी होतेय, तीही जिचं सगळं गेलं तिच्याकडून. पुढचा विषाचा प्याला तिथून येऊ दे.

रविवारी दोन्ही पद्धतींनी करून बघू. ताई, भुसावळहून सकाळच्या गाडीनं आलात तर तालीम दहाला सुरू करतो. मास्तर, तुम्हीही या. कोरडवाहू, तुमची पेरणी आटोपली असेल तर तुम्ही तर याच.

कोरडवाहू (पारोळा)

येतो. जिभाऊंना घेऊन येऊ का? त्यांना नाटकाचं वेड आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

अवश्य आणा. पुढच्या रांगेत बसवू.